लालचा नंबर किती?

२७ जून २०१७, मंगळवार. उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरात गेटवे टर्मिनल्स इंडियाचे, म्हणजे स्थानिक भाषेत ‘जीटीआय’चे, संगणक बंद पडले. क्रेन धडधाकट होत्या, ट्रेलर उभे होते. पण कुठला कंटेनर यार्डातल्या कितव्या रांगेत, कितव्या थरावर ठेवला आहे हे क्रेनला ठाऊक नसते, संगणकाला असते. शेवटी हाताने नोंदी करत काम रेटावे लागले. माल तुंबण्याची चिन्हे दिसताच केंद्रीय नौवहन मंत्रालयाला निवेदन काढावे लागले.

जीटीआय चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली कंपनी, आणि त्या दिवशी अख्खा मर्स्कच आडवा झाला होता. युक्रेनमधल्या ‘मेडॉक’ नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला विषाणू काही तासांत जगभर पोहोचला. बातम्यांमध्ये त्याला आधी ‘पेट्या’ आणि मग ‘नॉटपेट्या’ म्हटले गेले. रशियनमध्ये पेट्या हे प्योत्रचे लाडके रूप. मराठी वाचकाला मात्र पेट्यांच्या बंदरात पेट्याच शिरला हे वाचून, वेळ हसण्याची नसली तरी, हसू आले असेल. पुढच्या जानेवारीत दाव्होसला मर्स्कचे अध्यक्ष जिम हेगमन स्नाबे यांनी सांगितले की कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा आकडा २५ ते ३० कोटी डॉलर.

या विषाणूची जगभर छापून आलेली छायाचित्रे आठवून पाहा. लागण झालेला संगणक पुन्हा सुरू झाला की आधी डिस्कची दुरुस्ती चालल्याचा खोटा संदेश दिसे, आणि मग काळ्याकुट्ट पडद्यावर लाल अक्षरे येत: तुमच्या फायली गेल्या, ३०० डॉलरचे बिटकॉइन भरा. तोवर विंडोज उठलेलेच नसे. त्यामुळे पडद्यावर ना चित्र, ना खिडकी, ना फॉन्ट. यंत्राच्या तळाशी १९८१ सालापासून तसाच पडून असलेला ८० रकाने आणि २५ ओळींचा फळा तेवढा हाताशी होता. त्या फळ्यावर लालचा नंबर ४.

आता गंमत अशी, की हाच ४ युनिक्सच्या टर्मिनलला, म्हणजे तिथल्या अक्षरांच्या पडद्याला, दिला असता तर खंडणीची चिठ्ठी निळ्या अक्षरांत उमटली असती. त्या जगात लालचा नंबर १ आहे. हे दोन नंबर वेगळे का, आणि त्यांच्यात मेळ घालायला प्रोग्रामरांना लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रामात जोडून घ्यायचे तयार कोड, का लिहाव्या लागल्या, याची गोष्ट टाइपरायटरच्या रिबनपासून सुरू होते.

सरकारी कचेरीत किंवा वकिलाकडे ज्यांनी टाइपरायटर बडवला आहे त्यांना ती रिबन आठवेल. वरचा अर्धा पट्टा काळा, खालचा लाल. विक्रोळीच्या गोदरेजने १९५५पासून टाइपरायटर बनवले. त्या यंत्रांवर बाजूला एक छोटी कळ असे. ती एका टोकाला नेली की काळे, दुसऱ्या टोकाला नेली की लाल, आणि मधे ठेवली की रिबन उठतच नसे. ते स्टेन्सिल कापण्यासाठी. म्हणजे रंग अक्षरात नव्हता. ‘क’चा खिळा तोच, हातोडीही तीच. रंग होता कळीच्या स्थितीत, आणि एकदा फिरवलेली कळ परत फिरवेपर्यंत तशीच राही. थकबाकीची रक्कम लाल टाइप करून कळ मागे न्यायला विसरलेल्या टंकलेखकाचे पुढचे अर्धे पत्र लालच निघे.

तारयंत्रावर चालणाऱ्या टेलिप्रिंटरने हीच कळ दूरवरून फिरवायची सोय केली. अक्षरांच्या ओळीत एक न छापले जाणारे चिन्ह पाठवायचे, आणि पलीकडच्या यंत्राने ते छापण्याऐवजी हुकूम म्हणून पाळायचे. आस्की या अक्षरांच्या संकेतमालेतली ‘शिफ्ट आउट’ आणि ‘शिफ्ट इन’ ही दोन चिन्हे मुळात या लाल-काळ्या रिबनसाठीच होती. पण हुकूम वाढत गेले आणि चिन्हे अपुरी पडली. तेव्हा बॉब बेमर यांनी मांडलेली युक्ती कामी आली. २७ क्रमांकाचे एकच चिन्ह, ‘एस्केप’, राखून ठेवायचे; ते आले की पुढची काही अक्षरे मजकूर नसून सूचना आहेत असे समजायचे. आजच्या कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यातली ‘एस्क’ ती हीच.

कागद जाऊन काचेचा पडदा आला तेव्हा प्रत्येक कंपनीने एस्केपनंतरची आपापली बोली काढली. एकीकडे पडदा पुसायची जी खूण, तिने दुसरीकडे भलतेच काहीतरी होई. या बजबजपुरीला कंटाळून युरोपातल्या उत्पादकांच्या संघटनेने १९७६मध्ये ‘एक्मा-४८’ हे मानक काढले, आणि १९७९मध्ये अमेरिकेचे ‘अ‍ॅन्सी एक्स३.६४’ आले. दरम्यान १९७८मध्ये डेक कंपनीने ‘व्हीटी-१००’ बाजारात आणला. व्हीटी म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे बोरीबंदरचे घड्याळ येते. डेकच्या लेखी ते ‘व्हिडिओ टर्मिनल’. हा पडदा इतका खपला की त्याची बोली हीच प्रमाणभाषा झाली.

त्या मानकातली रंगाची सूचना जवळून पाहण्यासारखी आहे. एस्केप, मग उघडणारा चौकोनी कंस, मग आकडा, मग रोमन लिपीतला छोटा ‘एम’. आकडा ३१ असेल तर पुढची अक्षरे लाल. ३४ असेल तर निळी. ४० ते ४७ हे त्याच क्रमाने पार्श्वभूमीचे रंग. आणि ० म्हणजे सगळे पूर्ववत. एकक स्थानच्या अंकाकडे पाहिले तर आतली बेरीज दिसते. लाल १, हिरवा २, निळा ४. लाल आणि हिरवा मिळून ३, म्हणजे पिवळा. तिन्ही मिळून ७, पांढरा. काहीच नाही तर ०, काळा. तीन दिव्यांचे आठ खेळ. खुद्द व्हीटी-१०० मात्र एकरंगी होता. त्याला ३१ पाठवले तरी तो निमूटपणे दुर्लक्ष करी.

आयबीएमने १९८१मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला आणि त्याच्या रंगीत कार्डावर हेच तीन दिवे उलट्या क्रमाने मांडले. निळा १, हिरवा २, लाल ४. शिवाय चौथा बिट उजळपणाचा, त्यामुळे रंग सोळा. पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीला दोन बाइट, एकात अक्षर आणि दुसऱ्यात रंग. या उलटापालटीत काळा, हिरवा, जांभळट आणि पांढरा हे चार रंग दोन्हीकडे एकाच नंबरावर राहिले. लाल-निळा आणि पिवळा-आकाशी या जोड्यांची मात्र अदलाबदल झाली. एखाद्याने आपला प्रोग्राम फक्त हिरव्या रंगावर तपासून गिऱ्हाइकाला दिला, तर धोक्याचा इशारा निळ्या रंगात झळकेपर्यंत चूक कळायचीच नाही.

आणि ६ नंबर? बेरजेने तो मंद पिवळा यायला हवा. पण तो पडद्यावर शेवाळी दिसे, म्हणून आयबीएमने आपल्या ५१५३ या मॉनिटरमध्ये नेमके त्या एका रंगापुरते हिरवे कमी करणारे सर्किट बसवले आणि तपकिरी मिळवला. नंबर तोच राहिला, रंग बदलला. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी पुढे चाळीस वर्षे सोसलेल्या दुखण्याची ही पहिली कळ: आकडा प्रोग्राम पाठवतो, पण रंग ठरवतो पडदा.

महाराष्ट्रात हा रंगीत फळा पोहोचला तो कॉम्प्युटर क्लासमधून. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावीही डीबेस, फॉक्सप्रो आणि टर्बो सी शिकवणाऱ्या पाट्या लागल्या. दुकानाचे बिल, पतपेढीचे खाते, सगळे निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत. डीबेसमध्ये रंग आकड्याने नव्हे, अक्षराने सांगत: निळ्यावर पांढरे हवे तर ‘डब्ल्यू’, तिरकी रेघ, ‘बी’. पिवळ्यासाठी ‘जीआर’ आणि पुढे अधिकचे चिन्ह, म्हणजे हिरवा, लाल आणि उजळपणा. लुकलुक हवी असेल तर फुली. यंत्राची बेरीज माणसाला पाठ करता येईल अशा अक्षरांत मांडलेली. रंगाला नंबरापासून सोडवण्याचा हा प्रयत्न तेव्हा कुणी फारसा वाखाणला नाही, पण होता शहाणपणाचा.

टर्बो सीवाल्यांची तऱ्हा वेगळी. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकांवर एक पिढी सी शिकली, आणि त्या पिढीतल्या जवळपास प्रत्येकाने प्रॅक्टिकलला एकदा तरी कपाळावर हात मारला आहे. ‘टेक्स्टकलर’ला लाल सांगायचे, मग नेहमीच्या ‘प्रिंटएफ’ने नाव छापायचे, आणि नाव पांढरेच यायचे. कारण तो रंग फक्त ‘सीप्रिंटएफ’ला लागू होता. एक फंक्शन पडद्याच्या स्मृतीत थेट लिही, त्याला रंगाचा बाइट माहीत. दुसरे डॉसच्या हाती अक्षरे सोपवून मोकळे होई, त्याला रंग ही वस्तूच ठाऊक नव्हती. डॉसला अ‍ॅन्सीची बोली समजावी म्हणून १९८३च्या डॉस २.० बरोबर ‘अ‍ॅन्सी.सिस’ नावाची फाइल आली होती. पण ती आधी संगणकात चढवावी लागे, आणि समोरच्या संगणकावर ती चढवलेली असेलच याचा भरवसा कोण देणार?

त्याच सुमारास पुण्यात, मजकुरातूनच हुकूम कसा पाठवायचा या प्रश्नाची देशी आवृत्ती सोडवली जात होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले, भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या ‘जिस्ट’चे काम मोहन तांबे यांच्यासह सी-डॅकमध्ये आले, आणि १९९१मध्ये भारतीय लिप्यांचे ‘इस्की’ हे मानक, आयएस १३१९४, प्रसिद्ध झाले. त्यात २३९ क्रमांकाचे एक चिन्ह आहे, त्याचे नाव ‘एटीआर’. ते आले की पुढचे अक्षर छापायचे नाही, हुकूम म्हणून घ्यायचे. पुढे ० असेल तर अक्षरे ठळक, १ असेल तर तिरपी, २ असेल तर अधोरेखित. पुढे रोमन ‘बी’ आला तर लिपी देवनागरी, ‘जे’ आला तर गुजराती. तीच एस्केपची कल्पना, फक्त लाल-निळ्याच्या जागी देवनागरी-गुजराती. त्या यादीत रंग मात्र नाही. भारतीय मजकुराला त्या काळी लिपी बदलण्याची जी निकड होती, तिच्यापुढे रंग ही चैनच होती.

युनिक्सच्या बाजूला तोवर वेगळीच शिस्त रुजली होती. बर्कलीत बिल जॉय यांनी १९७८च्या सुमारास ‘टर्मकॅप’ ही यादी केली: कुठला पडदा कुठल्या हुकमाला काय करतो. केन अर्नल्ड यांनी तिच्यावर ‘कर्सेस’ ही लायब्ररी उभारली. पुढे मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी यादी सुधारून ‘टर्मइन्फो’ केली. प्रोग्रामने फक्त ‘लाल’ म्हणायचे. ३१ पाठवायचे की आणखी काही, हे यादी पाहून लायब्ररी ठरवणार. टर्मइन्फोमध्ये रंग बदलण्याच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एकीत लाल १, दुसरीत लाल ४. आयबीएम आणि अ‍ॅन्सी यांचे भांडण मिटले नाही, ते रीतसर नोंदवहीत चढले. कर्सेसमध्ये रंग आला तो जोडीने, अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा मिळून एक क्रमांक, कारण काही पडद्यांना सुटे रंग जमत नसत. आठ गुणिले आठ, चौसष्ट जोड्या. तेव्हा ते पुरेसे वाटले.

मग पडदेच नाहीसे झाले. टर्मिनल हे यंत्र न राहता संगणकावरची एक खिडकी झाले, आणि खिडकीला आठ रंगांत अडकून पडण्याचे कारण उरले नाही. १९९९मध्ये ‘एक्सटर्म’ या अशाच एका खिडकीत २५६ रंगांची सोय आली. पहिले १६ जुने. शेवटचे २४ राखाडी. मधले २१६ म्हणजे लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रत्येकी सहा पायऱ्या. पायऱ्या सारख्या अंतराच्या नाहीत: ०, ९५, १३५, १७५, २१५, २५५. पहिल्या उडीतच ९५ची खिंड.

ही खिंड काय करते ते एका रंगावर पाहू. तिरंग्याच्या केशरीसाठी वेबवर सर्रास वापरला जाणारा आकडा लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ असा आहे. लाल जागच्या जागी. हिरवा १५३ हा १३५ आणि १७५ यांच्या मधला, जवळचा १३५. निळा ५१ शून्यापासून ५१ दूर, ९५पासून ४४ दूर, म्हणून ९५. सूत्रात बसवले की रंग क्रमांक २०९ येतो. पडद्यावर पाहा: केशरीची अबोली झालेली असते. हिशोबात कुठे चूक नाही, प्रत्येक पायरी ‘जवळची’च आहे. रंग मात्र झेंड्यावरून वेणीत गेला. आणि त्याच केशरीला आठांच्या जुन्या खोक्यात कोंबायचे, तर तो लाल करायचा की पिवळा, हे लायब्ररी लिहिणाऱ्याच्या मर्जीवर.

यावर उपाय म्हणून तिन्ही आकडे सरळ पाठवायची पद्धत आली: ३८, २ आणि मग लाल-हिरवा-निळा, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक रंग. मूळ मानकात या आकड्यांमध्ये अपूर्णविराम होता. अंमल करणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी अर्धविराम वापरला, आणि तोच रूढ झाला. ज्या जुन्या खिडकीला ही सूचना कळत नाही, ती अर्धविरामाने तोडलेला प्रत्येक आकडा सुटा हुकूम समजू शकते. मग रंगाऐवजी अक्षरे अंधूक होतात, कधी लुकलुकू लागतात.

म्हणून आजच्या चांगल्या लायब्ररीत ‘रंग’ ही एक वस्तू नसते, निदान चार असतात: नावाचा, २५६पैकी क्रमांकाचा, तीन आकड्यांचा, आणि ‘जो असेल तो’. हा चौथा नवख्यांना कळत नाही. ३९ म्हणजे पांढरा नव्हे. ३९ म्हणजे वापरणाऱ्याने आपल्या खिडकीसाठी जो निवडला असेल तो. काळ्या पडद्याच्या भरवशावर ‘पांढरा’ लिहिणाऱ्याचा मजकूर पांढऱ्या पडद्यावर गडप होतो.

जोनाथन हार्टली यांची पायथनमधली ‘कलरामा’ ही लायब्ररी या इतिहासाचे चालते-बोलते संग्रहालय आहे. विंडोजच्या काळ्या खिडकीने आयबीएमचाच क्रम पुढे चालवला होता, निळा १ आणि लाल ४, आणि अ‍ॅन्सीची बोली तिला येत नव्हती. कलरामा वाटेत उभी राहून ३१ हा हुकूम पकडे, मजकुरातून काढून टाकी, आणि विंडोजच्या कानात ४ सांगे. २०१५-१६च्या सुमारास विंडोज १०ला अ‍ॅन्सी समजू लागली. म्हणजे डॉस २.०पासून बत्तीस-तेहतीस वर्षांनी.

देवनागरीला मात्र या सगळ्यात वेगळाच चटका बसतो. प्रत्येक चिन्हाला निराळा रंग देणारी इंद्रधनुषी खेळणी आहेत. त्यांना ‘क्षमा’ द्या. ती क, हलन्त आणि ष यांच्यामध्ये एस्केपच्या सूचना खोवतात, आणि जोडाक्षर उसवून पाय मोडका क आणि सुटा ष समोर येतो. इंग्रजीत एक चिन्ह एक अक्षर हे गृहीत चालून जाते. मराठीत रंगाची कळ फिरवायची तर अक्षर कुठे संपले हे आधी ओळखावे लागते, आणि ते बऱ्याच लायब्रऱ्यांना येत नाही.

इतकी बारीक, कंटाळवाणी कामे कुणी स्वतः करत बसत नाही. तयार लायब्ररी घेतो. त्यामुळे या चिमुकल्या लायब्रऱ्या न्हावा-शेव्यासारख्या झाल्या आहेत, सगळ्यांचा माल त्यांच्यावरून जातो. जानेवारी २०२२मध्ये ‘कलर्स’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या कर्त्याने, मराक स्क्वायर्स यांनी, फुकट राबवून घेणाऱ्या कंपन्यांवरच्या रागातून तिच्यात मुद्दाम कधीच न थांबणारे चक्र टाकले. हजारो प्रकल्पांच्या खिडक्यांत कचरा-अक्षरे धो धो वाहू लागली. ८ सप्टेंबर २०२५ला याहून वाईट झाले. एका देखभालकर्त्याला बनावट ईमेलने फसवून ‘चॉक’, ‘अ‍ॅन्सी-स्टाइल्स’ आणि इतर अशा अठरा लायब्रऱ्यांत कूटचलनाचे पत्ते बदलणारा कोड घुसवला गेला. या साऱ्यांचे मिळून आठवड्याला दोनशे कोटींहून जास्त डाउनलोड. घुसखोरी काही तासांतच पकडली गेली. ‘अ‍ॅन्सी-स्टाइल्स’ म्हणजे लालला ३१ आणि निळ्याला ३४ सांगणारा तक्ता, फारसे आणखी काही नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटवर बसून नॉटपेट्या उरणपर्यंत आला होता. हे चोर रंगांच्या तक्त्यावर बसले.

आणि ज्यांना रंगच नको त्यांचे काय? न्हावा-शेव्याचे संगणक बंद पडले त्याच २०१७ साली ‘नो-कलर’ नावाचा एक साधा संकेत पुढे आला. त्या नावाचा चल वापरणाऱ्याने आपल्या संगणकात लावला की प्रोग्रामांनी रंग आवरते घ्यावेत. तो लावलेला नसला, तरी नीट लिहिलेली लायब्ररी ३१ पाठवण्याआधी एका जुन्या फंक्शनला हाक मारून विचारते, कारण मजकूर फाइलमध्ये चालला असेल तर एस्केपच्या खुणा तिथे घाण करून ठेवतात. समोर टर्मिनल आहे का, एवढाच तो प्रश्न. न्हावा-शेव्याजवळच्या करळ फाट्यावर कुणी तो विचारला तर उत्तरादाखल चहूकडे बोट दाखवतील. फंक्शनचे नाव आहे ‘इज-अ-टीटीवाय’, आणि टीटीवाय म्हणजे टेलिटाइप, तोच तारेवरचा टेलिप्रिंटर.